प्लग-इन हायब्रीड एसयूव्हीचा भाडेपट्टा : हप्त्याची रचना आणि करसवलतीचा खरा लाभधारक (अमेरिकेच्या संदर्भात)

प्रस्तावना :

अमेरिकेत नवी मोटार रोखीने वा कर्जाने विकत घेण्याबरोबरच ती ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने, म्हणजेच लीजवर, घेण्याची पद्धत रूढ आहे. ग्राहक साधारणतः तीन वर्षे दरमहा हप्ता भरतो आणि मुदतीअखेर मोटार परत करतो किंवा करारात ठरलेल्या किमतीस विकत घेतो. प्लग-इन हायब्रीड एसयूव्हीमध्ये बाहेरून विजेने भारित करता येणारी बॅटरी व पेट्रोल इंजिन अशी दोन्ही साधने असतात. २०२३ ते २०२५ या काळात अशा काही वाहनांच्या खरेदीवर करसवलत मिळत नव्हती. तेच वाहन भाडेपट्ट्याने दिल्यास मात्र ती लागू होत होती. ही सवलत कायद्याने कोणाला मिळाली आणि तिचा लाभ प्रत्यक्षात कोणाकडे गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही. प्रस्तुत लेखात या फरकाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. भाडेपट्ट्याच्या मासिक हप्त्याची रचना समजून घेणे.
२. संबंधित करसवलतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. सवलतीचा लाभ ग्राहकापर्यंत कितपत पोहोचतो, हे उदाहरणाने तपासणे.

हप्त्याची रचना :

मासिक हप्ता मुख्यतः तीन घटकांवर ठरतो. पहिला घटक म्हणजे समायोजित किंमत. वाहनाच्या ठरलेल्या किमतीतून आगाऊ रक्कम व सवलती वजा करून ती मिळते. दुसरा, मुदतीअखेर वाहनाचे गृहीत धरलेले अवशेष मूल्य. हे बहुधा छापील किमतीच्या टक्केवारीत सांगितले जाते. तिसरा, 'मनी फॅक्टर' नावाने ओळखला जाणारा वित्तभाराचा दर. या दरास २४०० ने गुणल्यास वार्षिक व्याजाचा अंदाजे टक्का मिळतो.

समायोजित किमतीतून अवशेष मूल्य वजा करून उरलेल्या रकमेस महिन्यांच्या संख्येने भागले असता मासिक घसारा मिळतो. समायोजित किंमत व अवशेष मूल्य यांच्या बेरजेस मनी फॅक्टरने गुणले असता मासिक वित्तभार मिळतो. येथे बेरीज का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. गुंतलेली रक्कम आरंभीच्या किमतीपासून अवशेष मूल्यापर्यंत घटत जाते. या दोहोंची सरासरी काढण्यासाठी लागणारा दोनाचा भागाकार मनी फॅक्टरमध्येच अंतर्भूत असतो.

करसवलतीचे स्वरूप :

१६ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेत 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट' हा कायदा झाला. त्यानुसार वैयक्तिक खरेदीवरील सवलतीसाठी (कलम ३०-डी) वाहनाची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत होणे आवश्यक ठरले. २०२३ पासून ग्राहकाच्या उत्पन्नावर आणि वाहनाच्या किमतीवरही मर्यादा आल्या. एसयूव्हीसाठी ही मर्यादा ८०,००० डॉलर होती. त्यामुळे जपानमध्ये तयार होणारी टोयोटा राव्ह-४ प्राइम व मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही ही वाहने या सवलतीबाहेर राहिली.

व्यावसायिक वाहनांसाठीच्या ४५-डब्ल्यू या कलमात मात्र उत्तर अमेरिकेतील जुळणीची अट नव्हती. भाडेपट्ट्यात वाहनाची मालकी वित्तसंस्थेकडे असल्याने ही सवलत वित्तसंस्थेस घेता येत असे. पेट्रोल इंजिन असलेल्या हायब्रीडसाठी वाहनाच्या खर्चाच्या १५ टक्के किंवा तुलनीय पेट्रोल वाहनाहून अधिक पडणारा खर्च, यांपैकी कमी असलेली रक्कम मिळे; हलक्या वाहनांसाठी कमाल मर्यादा ७,५०० डॉलर होती. मिळालेली रक्कम ग्राहकास देण्याचे बंधन कायद्यात नव्हते. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने, ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या वाहनांसाठी या दोन्ही सवलती संपुष्टात आणल्या.

काल्पनिक उदाहरण :

वाहनाची छापील व ठरलेली किंमत ४६,००० डॉलर, मुदत ३६ महिने, अवशेष मूल्य ५५ टक्के म्हणजे २५,३०० डॉलर आणि मनी फॅक्टर ०.००२५ (वार्षिक ६ टक्के) मानू. विक्रीकर व इतर शुल्के विचारात घेतलेली नाहीत.

(अ) सवलतीविना : घसारा ५७५ डॉलर, वित्तभार १७८.२५ डॉलर, हप्ता ७५३.२५ डॉलर.

(आ) १५ टक्के, म्हणजे ६,९०० डॉलरची सवलत पूर्णपणे दिल्यास : समायोजित किंमत ३९,१०० डॉलर, घसारा ३८३.३३ डॉलर, वित्तभार १६१ डॉलर, हप्ता ५४४.३३ डॉलर.

(इ) सवलत पूर्ण दिली, परंतु मनी फॅक्टर ०.००३५ केला तर : वित्तभार २२५.४० डॉलर; हप्ता ६०८.७३ डॉलर.

(आ) व (इ) यांत दरमहा ६४.४० डॉलरचा, तर तीन वर्षांत २,३१८.४० डॉलरचा फरक पडतो. जाहिरातीत दोन्ही ठिकाणी '६,९०० डॉलरची सूट' असेच लिहिता येईल. तथापि दुसऱ्या करारात सवलतीच्या सुमारे एकतृतीयांश एवढी रक्कम वित्तभाराच्या रूपाने परत घेतली गेलेली असते.

विवेचन :

अर्थशास्त्रात कराघात व करभार यांत भेद केला जातो, कारण कर भरणारा व त्याचा भार सोसणारा वेगवेगळे असू शकतात. सवलतीलाही हाच न्याय लागू पडतो. येथे सवलतीचा कायदेशीर मानकरी वित्तसंस्था होती. लाभाची वाटणी स्पर्धा, साठा व ग्राहकाची जाण यांवर अवलंबून राहिली.

अवशेष मूल्याबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. ते वाढविल्यास हप्ता कमी होतो, परंतु मुदतीअखेर वाहन विकत घेणाऱ्यास तेवढी अधिक किंमत मोजावी लागते. वाहन परत करणाऱ्यास जी सोय वाटते, तीच ठेवून घेणाऱ्यास महाग पडू शकते.

अमेरिकेच्या १९७६ च्या ग्राहक भाडेपट्टा कायद्यान्वये समायोजित किंमत, अवशेष मूल्य, घसारा व एकूण वित्तभार करारात दर्शवावे लागतात. मनी फॅक्टर दर्शविणे बंधनकारक नाही. तो काढता मात्र येतो. एकूण वित्तभारास महिन्यांच्या संख्येने आणि नंतर समायोजित किंमत व अवशेष मूल्य यांच्या बेरजेने भागावे. वरील (इ) मध्ये ८,११४.४० डॉलरला ३६ ने व नंतर ६४,४०० ने भागले असता ०.००३५ हा दर उघड होतो.

निष्कर्ष :

१. मासिक हप्ता अथवा जाहीर सूट यांपैकी कोणताही एक आकडा कराराचे मूल्य सांगत नाही. तिन्ही घटक एकत्र पाहावे लागतात.
२. सवलत मध्यस्थामार्फत दिली आणि ती पुढे पोहोचविण्याचे बंधन घातले नाही, तर अंतिम लाभ अनिश्चित राहतो.
३. शासकीय सवलत संपली असली तरी उत्पादक सूट, अल्प दर वा वाढीव अवशेष मूल्य या रूपांत प्रोत्साहन देऊ शकतात. त्यामुळे हिशेबाची ही रीत आजही तितकीच उपयुक्त आहे.