'नम्रता' मोजायची कशी?

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय आहे ख्रिस्ती स्त्रियांची नम्रता आणि त्यागमय उपासना. पहिला मोह काय होतो? पत्रं, चरित्रं काढायची आणि 'नम्र', 'दासी', 'अर्पण' हे शब्द मोजत बसायचं. मी विज्ञानाकडून आलेय, मोजण्याची ही खुमखुमी चांगली ओळखते. पण आधी विचारा: नम्रता नेमकी कोणापुढे?

पंडिता रमाबाई घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचा. देवापुढे पूर्ण वाकलेली ही बाई चर्चच्या अधिकारापुढे मात्र तसूभर हलत नाही. पुरोहितांचं एक जोखड टाकून आलेय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर. तिथल्या मंडळींना यात अहंकार दिसला. म्हणजे एकाच वागण्याला दोन कोड! तक्त्यात 'नम्र' असा एकच रकाना ठेवलात, तर हे सगळं हातातून निसटतं.

त्यागाचंही तसंच. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणणं, हा त्याग आपल्याला चटकन दिसतो. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं, हे वर्षानुवर्षांचं काम? छपाईतही मुक्तीतल्या बायकांचे हात होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये आलं. माझ्या मते ही उपासनाच. नुसत्या प्रार्थनासभांच्या नोंदी चाळल्यात तर ती दिसणार नाही, म्हणून साधनांच्या यादीत छापखान्याचे कागदही धरा.