अभिप्राय विचारतात, उत्तर देत नाहीत

बँकेचे, औषधांच्या दुकानाचे किंवा रुग्णालयाचे ॲप वापरून झाले की पडद्यावर एक प्रश्न हमखास उमटतो : ‘आमची सेवा आपल्याला कशी वाटली?’ खाली पाच तारे आणि लिहिण्यासाठी एक चौकट. अनेक कंपन्या तर दिव्यांग ग्राहकांसाठी असा अभिप्राय स्वतंत्रपणेही मागवतात. तरीही पुष्कळ दिव्यांग व्यक्ती ती चौकट न भरताच बंद करतात. कंपन्यांना ही उदासीनता वाटते. वस्तुतः तो अनुभवातून आलेला अविश्वास असतो. ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा.

आपण म्हणाल, ‘आम्ही दिव्यांग नाही, आमचे वय झाले आहे एवढेच.’ वैद्यकीय दृष्टीने ही सीमारेषा फार पुसट आहे. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला की नेमके समोरचे अक्षर धूसर होते. पार्किन्सनच्या आजारात थरथरणारे बोट शेजारच्याच बटणावर पडते. अर्धांगवायूनंतर ओटीपी टाकेपर्यंत त्याची मुदत संपते. ऐकू कमी येणाऱ्याला फोनवरील ध्वनिमुद्रित सूचना निरुपयोगी ठरतात. हाती दाखला असो वा नसो, अडचण तीच असते.

अविश्वास का वाटतो?

पहिले कारण असे की, अनेकदा अभिप्रायाचा अर्जच वापरता येत नाही. अंध व्यक्ती फोनवरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करतात. बटणाला नावच दिलेले नसेल, तर कानी केवळ ‘बटण, बटण’ एवढेच पडते. चित्रातली वाकडी अक्षरे ओळखून टाका, असे सांगणारा अर्ज तर त्यांच्यासाठी बंद दारच असतो.

दुसरे कारण मौनाचे. तक्रार लिहिली की ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे ठरावीक उत्तर येते आणि पुढे काहीच घडत नाही. ॲपची नवी आवृत्ती येते आणि पूर्वी चालणारी सोयही बंद पडते. मग पुन्हा नवे सर्वेक्षण, पुन्हा तेच प्रश्न. रुग्णाला दर भेटीत ‘कुठे दुखते?’ असे विचारायचे आणि औषध मात्र कधीच द्यायचे नाही, अशातलाच हा प्रकार. असा रुग्ण काही दिवसांनी दुखणे सांगणेच सोडून देतो.

तिसरे कारण श्रमाचे. दोष नेमका कुठे आहे हे शोधून, तपशीलवार लिहून देणे हे कौशल्याचे काम आहे. डोळस तज्ज्ञाला त्याचा मोबदला मिळतो; दिव्यांग व्यक्तीकडून मात्र ते उपकारासारखे फुकट अपेक्षिले जाते.

हा अविश्वास आपल्याकडेच आहे असे नाही. ॲक्सेसिबी या कंपनीने आपले स्वयंचलित साधन कोणतेही संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम करते, असा दावा केला होता. अंध वापरकर्ते उलट अनुभव सांगत राहिले. अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या संघटनेने २०२१ मध्ये कंपनीवर जाहीर टीका केली : काय वापरता येते हे अंध व्यक्तीच जाणतात, हेच ती मान्य करत नाही. पुढे २०२५ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांच्या आरोपाखाली कारवाई केली आणि कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम सेवा हा हक्क आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट निकाल दिला. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींना बँकेची केवायसी करता येत नव्हती. कारण कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करणे आवश्यक होते. डिजिटल सेवा वापरता येणे हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि २० निर्देश दिले. उघडझापेला पर्याय द्यावा, सुगम्यतेची वेळोवेळी तपासणी व्हावी, तक्रारींसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी आणि नवे ॲप तयार होतानाच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करावे, असे त्यांत आहे. म्हणजेच ज्याला वापरायचे, त्याला आधी विचारा.

घरच्यांनी काय करावे?

ॲप अडले की ‘आणा इकडे, मी करून देतो’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यामागे प्रेम असते. पण हळूहळू ज्येष्ठाचा पासवर्ड, औषधांची मागणी, तपासणीचा अहवाल, सारेच दुसऱ्याच्या हाती जाते. परावलंबनाची ही जाणीव मनाला खचवते. म्हणून मदत शेजारी बसून करावी; बोट त्यांचेच असू द्यावे.

तक्रार करताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

• फोन कोणता, ॲप कोणते, नेमक्या कोणत्या पायरीवर अडले आणि त्यामुळे कोणते काम राहिले, हे चार ओळींत लिहावे. शब्द ज्येष्ठांचेच ठेवावेत.

• ताऱ्यांच्या चौकटीवर विसंबू नये. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक व तारीख वहीत नोंदवावी.

• बँकेकडून ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. इतर कंपन्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दिव्यांग व्यक्तींना पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही दाद मागता येते.

• तक्रार सुटेपर्यंत काम अडवून ठेवू नये. सत्तरीपुढील ज्येष्ठांना व दिव्यांगांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. ती मागून घ्यावी.

कंपन्यांना विश्वास हवा असेल, तर मार्ग सोपा आहे : काय सांगितले गेले, त्यातले काय दुरुस्त केले आणि काय का केले नाही, हे सांगणाऱ्याला कळवावे. तोवर ज्येष्ठांनी संकोच बाळगू नये. बटण सापडले नाही यात आपल्या वयाचा दोष नाही. ते सापडेल असे बनवणे हे बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे.