बोलणाऱ्या यंत्राचा मेंदू कोठे असतो?

२८ फेब्रुवारी २०२५. योगायोगाने ही आपल्या राष्ट्रीय विज्ञान दिनाची तारीख. त्या दिवशी अमेरिकेत अनेकांच्या कोटावर लावलेली एक छोटीशी चौकोनी पेटी मुकी झाली.

‘ह्युमेन’ नावाच्या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये ही पेटी ग्राहकांच्या हाती दिली होती. तिचे नाव ‘एआय पिन’. किंमत ६९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ५८ हजार रुपये. शिवाय दरमहा २४ डॉलर वर्गणी. तिला पडदा नव्हता. तिच्याशी बोलायचे आणि तिने बोलून उत्तर द्यायचे. वाचायचेच असेल, तर लेसरच्या हिरव्या प्रकाशाने ती आपल्या तळहातावर अक्षरे उमटवी. मोबाईल फोन खिशात ठेवून माणसे हिच्याशीच बोलू लागतील, अशी निर्मात्यांची उमेद होती. तसे घडले नाही. ती उशिरा उत्तर देई, चुके, आणि तापेही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपी कंपनीने ह्युमेनची बरीचशी मालमत्ता ११ कोटी ६० लाख डॉलरना घेतली, आणि त्यानंतर दहा दिवसांतच पिनची सेवा बंद करण्यात आली.

गंमत पाहा. पेटीत बिघाड काहीच झाला नव्हता. ध्वनिक्षेपक शाबूत, लेसर शाबूत, बॅटरी भरलेली. तरी प्रश्नाला उत्तर येईना. बॅटरीत किती वीज उरली आहे, यासारख्या किरकोळ गोष्टी मात्र ती सांगू शके!

कारण त्या पेटीत मेंदू नव्हताच. मग तो कोठे होता? यासाठी थोडे गणित करू.

आपल्याशी बोलणाऱ्या या नव्या यंत्रांची ‘बुद्धी’ म्हणजे आकड्यांचा एक प्रचंड साठा असतो. ओपनएआय कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘जीपीटी-३’मध्ये असे १७५ अब्ज आकडे होते. एका आकड्याला २ बाइट जागा धरली, तरी ३५० अब्ज बाइट, म्हणजे ३५० गिगाबाइट झाले. चांगल्या फोनची कार्यस्मृती ८ किंवा १२ गिगाबाइटची. घागरीत विहीर मावायची कशी? बरे, नुसते साठवून भागत नाही. उत्तरातला पुढचा एक शब्द (खरे म्हणजे शब्दाचा एक तुकडा) ठरवण्यासाठी यांतील जवळजवळ प्रत्येक आकड्याने एकदा गुणाकार करावा लागतो. एखाद्या माणसाने सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता हे गुणाकार केले, तर एका शब्दाला साडेपाच हजार वर्षे लागतील. स्वतः भागाकार करून खात्री करून घ्या. म्हणून हे काम दूरच्या संगणक-केंद्रांत, एकाच वेळी हजारो गुणाकार करणाऱ्या चिपांवर चालते. ती केंद्रे भरपूर वीज खातात, आणि त्या विजेची उष्णता होते ती बाहेर काढावी लागते. आपल्या हातातील यंत्र प्रश्न तिकडे पोचवते आणि उत्तर घेऊन येते. पोस्टमनचे काम म्हणा ना!

अर्थात सगळाच मेंदू परगावी असतो असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या एका फोनमध्ये ‘जेमिनी नॅनो’ बसवला. त्याची सर्वांत लहान आवृत्ती १८० कोटी आकड्यांची, आणि प्रत्येक आकडा अर्ध्या बाइटात कोंबलेला. म्हणजे एकूण ०.९ गिगाबाइट. असा छोटा मेंदू आंतरजालाशिवाय चालतो, पण त्याला लहानसहान कामेच जमतात.

आता प्रश्न असा, की एवढे गुणाकार कशासाठी? ‘पाऊस आला म्हणून तिने छत्री —’ हे वाक्य पुरे करा पाहू. कोणी ‘उघडली’ म्हणेल, कोणी ‘घेतली’. ‘खाल्ली’ असे कोणीच म्हणणार नाही. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे काढणे हेच त्या गुणाकारांचे काम. ही कल्पना नवी नाही. १९१३ साली रशियन गणिती मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील २०,००० अक्षरे घेऊन स्वर व व्यंजने मोजली होती, आणि मागच्या अक्षरावरून पुढच्या अक्षराचा अंदाज कितपत बांधता येतो हे दाखवले होते. १९५१ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माणसांना पुढचे अक्षर ओळखायला लावून असाच प्रयोग केला. तुम्हीही वर्गात करून पाहा. वर्तमानपत्रातील एक वाक्य अर्धे वाचा, पुढचा शब्द झाका आणि वर्गातील प्रत्येकाला तो कागदावर लिहायला सांगा. फळ्यावर मोजदाद करा. शक्यतांचे कोष्टक तयार होईल. यंत्राजवळ असलेच कोष्टक आहे, फक्त ते अब्जावधी वाक्यांच्या सरावातून आलेले आहे.

मात्र ‘शक्य’ आणि ‘सत्य’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कमधील एका वकिलाला हे २०२३ मध्ये महागात पडले. विमानात वाढपाची धातूची गाडी लागून एक प्रवासी जखमी झाला होता, त्याचा तो दावा. वकिलाने चॅटजीपीटीकडून आधीच्या निकालांचे दाखले मागितले. यंत्राने खटल्यांची नावे दिली, वर्षे दिली, न्यायाधीशांची मतेही दिली. हे खटले खरे आहेत ना, असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले, तेव्हा ‘होय’ असे उत्तर आले! त्यांतील सहा खटले कधी घडलेच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्या वकिलाला, त्याच्या सहकाऱ्याला आणि त्यांच्या कचेरीला मिळून ५,००० डॉलर दंड केला. असे साधन वापरणे मुळात गैर नाही, पण न्यायालयापुढे जे मांडले त्याची तपासणी करणे हे वकिलाचे काम, असे न्यायाधीशांनी निकालात म्हटले. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. पत्राचा मसुदा, लांब अहवालाचा गोषवारा, भाषांतर ही कामे यंत्र आता झटपट करते, आणि कचेऱ्यांतून ती त्याच्याकडे जातही आहेत. पण खाली सही माणसाचीच असते. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी त्याच वर्षी १४८ दिवस संप केला. यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे साहित्य मानायचा नाही, असे कलम त्यांनी करारात घालून घेतले.

राहिला प्रश्न मैत्रीचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संभाषण करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. नाव घेतले बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीचे. म्हणजे आपल्या ‘ती फुलराणी’तील मंजुळेचे. ही एलायझा फार साधी होती. ‘मला आईची आठवण येते’ असे लिहिले, की ‘घरच्यांविषयी आणखी सांगा’ अशा धर्तीवर ती आपलेच वाक्य उलटवून विचारी. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्यांना कित्येक महिने या कार्यक्रमावर काम करताना पाहिले होते. तरीही त्याच्याशी थोडे बोलणे होताच तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. तिला एकांत हवा होता.

त्या एलायझाला मागचे फारसे काही आठवत नसे. आजची यंत्रे आपले नाव, परीक्षेची धास्ती, घरातले भांडण सारे लक्षात ठेवू शकतात, आणि रात्री दोन वाजतासुद्धा कंटाळत नाहीत. ‘रेप्लिका’ नावाची अशीच एक बोलकी सोबत अनेक जण वर्गणी भरून घेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये, मुलांना यातून धोका आहे या कारणावरून इटलीतील सरकारी यंत्रणेने तिच्यावर निर्बंध घातले. त्याच सुमारास कंपनीनेही संभाषणाचे नियम बदलले. एकाएकी ती सोबत अलिप्तपणे बोलू लागली. लोकांना जवळचे माणूस गेल्यासारखे दुःख झाले, आणि ते दुःख मात्र अगदी खरे होते. त्यांचा फोन तोच होता, नाव तेच, चेहराही तोच. दूर कोठेतरी काही नियम बदलले होते. पुढे मार्चमध्ये कंपनीने १ फेब्रुवारीपूर्वीच्या सभासदांना जुनी आवृत्ती परत मिळण्याची सोय केली. एआय पिनच्या ग्राहकांना तेवढेही मिळाले नाही.