बाळ हसते-खेळते आहे, तरीही

“बाळ हसते-खेळते आहे, मग डॉक्टरकडे कशाला?” असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता. सारे त्याला मंद समजत. सहाव्या वर्षी कळले, त्याला ऐकूच कमी येत होते!

म्हणून मातांनो, बाळाला पहिल्या आठवड्यात, मग ६, १० व १४ आठवड्यांना लसीच्या वेळी आणि पुढे ६, ९, १२ व १८ महिन्यांना दाखवा. वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट, वर्षाला तिप्पट होते. आवाजाकडे मान वळते का, हेही डॉक्टरांना विचारून पाहून घ्या. मॉरिशसच्या सरकारी आरोग्यकेंद्रात पैसे पडत नाहीत. बाळासाठी एक सकाळ काढाच.