अडलेली काच आणि दोन विरोध

१९४० च्या सुमारास पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने मोटारगाडीच्या काचा तेलाच्या दाबाने वरखाली करण्याची तजवीज केली, आणि १९५१ साली क्रायस्लरने आपल्या इंपीरियल गाडीत हेच काम सर्वस्वी विजेवर सोपविले. तेव्हापासूनच्या दोन-तीन दशकांतील एखादी जुनी गाडी जिव्हाळ्याने जपणाऱ्या मालकाच्या वाट्याला आज हमखास येणारी तक्रार अशी की बटण दाबले असता काच निमूट खाली जाते, परंतु वर येताना अर्ध्यावर कण्हत थांबते. आणि मग ‘मोटर गेली’ असा निवाडा होऊन नव्या मोटरीची शोधाशोध सुरू होते. माझ्या मते ही घाई अनाठायी आहे. कारण उतरताना काचेचे वजन साह्य करते व चढताना तेच आड येते, आणि अशा वेळी विजेच्या वाटेतील विरोध व काचेच्या वाटेतील घर्षण हे दोघे संगनमताने एका निर्दोष मोटरीला हतबल करीत असण्याचा संभव फार मोठा असतो.

पहिली चौकशी दार न उघडताच होते. इंजिन बंद ठेवून, गाडीतला दिवा लावून बटण दाबावे. दिवा मंदावला, तर मोटर प्रवाह ओढते आहे पण तिला काही तरी अडवते आहे. जराही मंदावला नाही, तर बटण, झिजलेले कार्बन-ब्रश किंवा बिजागरीपाशी वर्षानुवर्षे वाकून तुटलेली तार, यांपैकी कोठे तरी मार्ग खंडित आहे.

यानंतर व्होल्टमापक घ्यावा. पुढे रूढ झालेल्या १२ व्होल्टच्या गाडीत, काच अडलेली असताना बॅटरीवर १२ आणि मोटरीच्या टोकांशी ९ व्होल्ट आढळले, व प्रवाह २० अँपिअर असला, तर वाटेतील विरोध अवघा ०.१५ ओहम ठरतो. परंतु एवढ्याशा विरोधात ६० वॉट, म्हणजे घरातल्या जुन्या दिव्याइतकी शक्ती, व्यर्थ जळते, आणि ती बटणाच्या काळवंडलेल्या तांब्यावर जळत असेल तर तो संपर्क दिवसेंदिवस अधिकच नासतो. त्या काळच्या कित्येक मोटरींत स्थायी चुंबकाच्या जागी तारेची वेटोळी असत. अशा मोटरीचा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून विजेचा दाब व त्यासोबत अडलेल्या मोटरीतला प्रवाह पाऊणपट झाला की पीळ निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. त्यातच संरक्षक द्विधातूची पट्टी तापून प्रवाह तोडते व निवताच पुन्हा जोडते, त्यामुळे मिनिटभराने काच आपोआप ‘सुधारल्याचा’ भास होतो.

विजेची खातरजमा झाल्यावर दाराचे अस्तर काढून काच यंत्रणेपासून सोडवावी आणि केवळ हाताने सरकवून पाहावी. दोन्ही बाजूंच्या खाचांतील नमदा कडक झालेला, ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले, एखादी खाच किंचित तिरपी झालेली, हे सारे बोटांना तत्काळ कळते. येथे इंजिनचे तेल ओतण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण खनिज तेलाने रबर फुगते व काच अधिकच आवळली जाते. खाचेला सिलिकोन आणि दात्यांना लिथियमचे ग्रीस हेच उचित.

मोटर काढणे अपरिहार्यच ठरले, तर एक सावधगिरी प्राणपणाने पाळावी: काचेचे वजन तोलणारी ताणलेली स्प्रिंग ज्या यंत्रणेत असते, तेथे दात्यांचा पंखा (काच उचलणारे पंख्याच्या आकाराचे दातेरी चाक) आधी बोल्टने चौकटीला जखडावा, कारण मोटर सुटताच तो वेगाने फिरून बोटे चिरडू शकतो.