समुद्र पाहायला जाताना पंचांग पाहा

श्रोतेहो, वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडकडे जातो, एक कळमनुरीवरून हिंगोलीकडे आणि एक हदगावकडे. समुद्र मात्र यांतल्या कुठल्याच रस्त्याने जवळ नाही. अलिबागचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांहून लांब पडतो. आपल्या कयाधूचे पाणीसुद्धा पैनगंगेतून पुढे गोदावरीत जाते आणि पूर्वेच्या समुद्राला मिळते. म्हणून शाळेची सहल कोकणात निघाली की आपल्या मुलांपैकी पुष्कळांचा तो पहिलाच समुद्र असतो. आणि बरोबरच्या गुरुजींचा अन् बाईंचाही कधीकधी पहिलाच. अशा सहलीला जाणाऱ्यांसाठी आजच्या चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ही की समुद्र एका जागी राहत नाही. विहिरीचे पाणी पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. समुद्र हेच दिवसातून दोनदा करतो. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दोन पुरुष उंचीहूनही अधिक. खाली गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपास असतो. वर गुजरातेत खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते. तिथे पाणी कोंडते आणि भावनगरजवळ हा फरक दहा मीटरांच्या घरात जातो. कॅनडातील फंडीच्या उपसागरात तर तो सोळा मीटरांपर्यंत पोचतो.

हे कशामुळे होते? चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला ओढतो. चंद्राच्या बाजूच्या पाण्याला फुगवटा येतो आणि नेमक्या विरुद्ध बाजूलाही येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून भरती दोनदा. सूर्यही ओढतो, पण त्याची ओढ निम्म्याहून कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. त्याच सुमारास मोठी भरती येते, तिला म्हणायचे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात. ती भांगाची भरती, बेताची. न्यूटनने १६८७ साली हे कोडे उलगडले. मग आपल्या तळ्याला भरती का येत नाही? कारण तेवढ्याशा पाण्यात एका टोकाच्या आणि दुसऱ्या टोकाच्या ओढीत फरकच पडत नाही. त्यासाठी महासागरच हवा.

आता मुद्द्याची गोष्ट. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पंचांगातली तिथी चंद्रावरच चालते. तेव्हा समुद्राचे घड्याळ आपल्या भिंतीवर टांगलेलेच आहे, बरं का! मुंबई-अलिबागच्या बाजूला जुन्या लोकांचा ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली आहे त्यांना हे तोंडावर येईल. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन; भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आगेमागे. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा, अमावास्येलाही पंधराच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यात अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिण कोकणात वेळ जरा आधी येते. म्हणून हा अंदाज दिवस ठरवण्यापुरता. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळते. आणि पाण्यात पाय घालण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारायचे, हे तर आलेच.

या ठोकताळ्याचा उपयोग कसा करायचा ते पाहा. अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांचे मोठे ठाणे झाला, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून चालून आले तरी हाती लागला नाही. चहूकडे खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. भरतीला तिथे होडीने जावे लागते. चांगल्या ओहोटीला मुले वाळूवरून चालत जातात. द्वितीयेची भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठला. ही वेळ सहलीला उत्तम. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, सोयीची वाटते. पण भांगाचे पाणी पुरेसे उतरत नाही, वाट कोरडी पडेलच असे नाही. म्हणून सहलीची तारीख आधी धरू नका, तिथी धरा.

ओहोटीला आणखी पुष्कळ पाहता येते. वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती चिमुकल्या खेकड्यांची करणी. खडकांच्या खळग्यांत समुद्रफुले, दगडाला चिकटलेली कालवे आणि दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन हिंडणारा खेकडा सापडेल. खाडीच्या चिखलात निवट्या हा मासा पाण्याबाहेर उड्या मारताना दिसेल, आणि तिवरांची मुळे श्वास घ्यायला वर आलेली दिसतील. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायला मुलांना सांगा. जिवंत शंख पिशवीत भरू देऊ नका. वाटेत पेण-उरणच्या बाजूला मिठागर दिसले तर जरूर थांबा. भरतीचे पाणी आत घेऊन उन्हात आटवले की मीठ उरते.

आता जिवाची गोष्ट. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजची जाणती मुले होती. समुद्र शांत दिसतो तेव्हाही तो चाललेलाच असतो, हे डोंगराकडच्या माणसाला चटकन उमगत नाही.

वर्गात फळ्यावर हे गणित मांडा. भरतीचे एकूण पाणी बारा हिस्से धरा. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पहिला तास माणसाला फसवतो. पाणी हलल्यासारखेच वाटत नाही. पण मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. आणि सपाट वाळूवर ते समोरूनच येते असे नाही. सखल भागातून मागे शिरते आणि परतीची वाट आधी बुडते. म्हणून किल्ल्यात जायचे ते पाणी उतरत असताना, आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात सगळी मुले मोजून किनाऱ्यावर आणायची. पोहायला येते म्हणून कुणालाही खोल पाण्यात सोडू नका. तळ्यातले पोहणे इथे पुरे पडत नाही. पावसाळ्यात तर ही सहल काढूच नये.

ज्यांना यंदा जाणे जमणार नाही त्यांनीही खट्टू होऊ नये. पौर्णिमेपासून आठ दिवस मुलांना चंद्र उगवण्याची वेळ वहीत लिहायला लावा. रात्र वाढत जाईल तशी पुढची नोंद मोठ्यांनी करावी. रोजचा फरक काढा, त्याच्या शेजारी तिथी लिहा आणि तिथीची पाऊणपट मांडा. दूर अलिबागला त्या वेळी पाणी कुठवर आले असेल, ते आपल्या गावच्या ओसरीवर बसून मुले सांगू लागतील. मग कधीतरी ती प्रत्यक्ष किनाऱ्यावर उभी राहतील, तेव्हा पुढे केव्हा जायचे आणि मागे केव्हा फिरायचे, हे त्यांना आधीच ठाऊक असेल.