मडकं आधी, झाड नंतर

शिरगावच्या किल्ल्यातला फांद्या फुटलेला ताड बघायला बाहेरून माणसं येतात. ताड छेदून ताडी काढणाऱ्या गावातल्या छेदणाऱ्याला त्याचं फारसं काही नसतं. त्याची नजर वाड्यांच्या बांधावर उभ्या असलेल्या सरळसोट ताडांवर असते. कुठल्या झाडाचा तुरा भरला, कुठल्याची धार कमी झाली, हे तो रस्त्यानं चालता चालता सांगतो. मी ज्यांच्यासोबत पहाटे हिंडलो ते काका साठी ओलांडलेले आहेत, आणि त्यांचं झाडावर चढणं बघण्यासारखं आहेच. पण मला त्यांच्याकडून शिकायचं होतं ते जमिनीवरचं काम: ताडी बिघडते कशी, आणि बिघडली हे ते ओळखतात कसं.

ताडाचा रस गोड असतो, शंभर भागांत दहा-बारा भाग साखर, आणि ती बहुतेक उसाच्याच जातीची. ताजा रस आंबट नसतो, जवळजवळ पाण्यासारखा उदासीन असतो. अशा रसात जिवाणूंना मोकळं रान मिळतं. तुऱ्यातून थेंब मडक्यात पडतो त्या क्षणापासून आंबणं सुरू होतं. रात्रभर टांगलेलं मडकं पहाटे उतरवलं तर त्यात नीरा, म्हणजे न आंबलेला रस, कमी आणि ताडी जास्त असते. दुपारपर्यंत अल्कोहोल तीन-चार टक्क्यांपर्यंत चढतं, दुसऱ्या दिवशी आंबटपणा वरचढ होतो, आणि त्यापुढे शिरक्याची वाट धरली जाते.

याउलट इंग्लंडात सफरचंदाचा रस आंबवून सायडर करणाऱ्याच्या हातात आठवडे असतात. पिंप थंड कोठीत ठेवायचं, नळीतून वायू सुटतोय का बघायचं, दहा दिवसांनी चव घ्यायची. रस थबकला तर यीस्टला खाद्य द्यायचं, कुजक्या अंड्याचा वास आला तर साका सोडून वरचा रस दुसऱ्या भांड्यात काढायचा. त्या वासाचं कारण बहुधा यीस्टची उपासमार असते. सफरचंदात नायट्रोजन कमी, मग यीस्ट गंधकाचा वायू सोडते. काकांकडे अशा उपायांना वेळच नाही. त्यांची सगळी दुरुस्ती रस पडण्याच्या आधी होते. म्हणून माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच: "आधी मडकं बघा. झाड मागनं."

मडकं बघण्याची त्यांची रीत अशी. उतरवलेली ताडी डब्यात ओतली की ते मडकं उलटं धरून आत नाक घालतात. गोडसर, पावासारखा वास असला तर ठीक. नाकाला झोंबणारा आंबूस वास असला तर ते मडकं त्या दिवशी झाडावर जात नाही. धुतात, उन्हात तापवतात, कधी आत धुरी देतात. मातीच्या मडक्याच्या छिद्रांत कालची यीस्ट जिवंत राहते आणि आजच्या रसाला तीच चेतवते, पण तिच्या शेजारी शिरक्याचे जिवाणूही मुक्काम करतात. म्हणून मडकं अगदी निर्जंतुक करून चालत नाही आणि घाण ठेवूनही चालत नाही. हल्ली प्लास्टिकचे कॅन टांगतात. हलके, न फुटणारे, पण आतून ओरखडे पडले की त्या ओरखड्यांतला साका ब्रशनं निघत नाही. माझ्या मते मातीचं मडकं अजूनही सरस आहे, फक्त ते वागवणारा माणूस हवा.

ताडीची दुखणी त्यांनी मला एकेक करून दाखवली. पहिलं, लवकर आंबणं. हे चैत्र-वैशाखात सर्वाधिक. ऊन चढलं की मडक्यात ऊब वाढते, आणि तेवढ्या उबेत आम्ल करणारे जिवाणू यीस्टला मागे टाकतात. यावर औषध नाही, घड्याळ आहे: मडकं उजाडायच्या आत उतरवायचं, डबा सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, संध्याकाळची खेप वेगळी ठेवायची. सकाळच्या ताडीत कालची उरलेली मिसळणारा माणूस दोन्ही नासवतो, असं ते ठासून सांगतात, आणि ते खरं आहे. जुन्या ताडीत आम्लाचे जिवाणू आधीच वाढलेले असतात.

दुसरं दुखणं उलटं आहे: फेसच येत नाही. रस गोड, पण मुका. अशा वेळी ते विचारतात, चुना लावला होता का? नीरा ताजी राखायची असेल तर मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. रस अल्कधर्मी होतो आणि आंबणं थांबतं. विकायच्या नीरेमागेही आंबू न देण्याची हीच धडपड असते. पण तेच मडकं न धुता ताडीसाठी टांगलं तर रस तसाच बसून राहतो. चुना नसेल तर मडकं नवं कोरं असतं. त्यावर उपाय म्हणजे चांगल्या मडक्याच्या तळाचा चमचाभर साका. घरी विरजण लावतात तसंच हे.

तिसरं मला सर्वांत विलक्षण वाटलं. ताडी ओतताना धारेला तार सुटते, बोटाला चिकट लागते. काही जिवाणू साखरेपासून चिकट गोंद बनवतात, साखर कारखान्यांत उसाचा रस तुंबतो तोही त्यांच्यामुळे. चव फार बदललेली नसते, त्यामुळे कोणी खपवूही शकतं. काका ती ताडी नाल्यात ओततात आणि त्या झाडाचा तुरा नव्यानं, जरा खोल छेदतात, कारण घाण तुऱ्याच्या कापात बसलेली असू शकते. इथे झाडाची पाळी येते. सुरी बोथट झाली की काप चेचला जातो, रस साकळतो, माश्या बसतात. मडक्याचं तोंड झाकण्याकडेही त्यांचा कटाक्ष आहे. मुंग्या आणि गांधीलमाश्या तर येतातच, वटवाघळंही येतात. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून निपाहचा विषाणू माणसात गेला तो वटवाघळांच्या वाटेनं. तिथे बांबूच्या झापांनी रस झाकायला शिकवलं गेलं. आपल्याकडच्या प्रत्येक छेदणाऱ्यानं तोंड झाकलंच पाहिजे, यात सवलत नको.

काकांना कल्पनाही नाही अशी एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. 1912 साली बार्कर आणि हिलियर या इंग्रज संशोधकांनी 'सायडर सिकनेस' नावाच्या दुखण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आंबटपणा कमी असलेल्या गोड सायडरमध्ये एकाएकी जोराचा फेस येतो, रस गढूळ होतो, वास बिघडतो, आणि पिंपच्या पिंप वाया जातं. त्यामागे जो जिवाणू निघाला तो आज झायमोमोनास म्हणून ओळखला जातो. तोच जिवाणू ताडाच्या रसात यीस्टच्या बरोबरीनं साखरेचं अल्कोहोल करतो, आणि ताडीचा तो झटपट चढणारा फेस काही अंशी त्याचीच करणी आहे. तिकडे जो रोग, तो इकडे मजूर. कारण सफरचंदाच्या आंबट रसात त्याला एरवी जागा मिळत नाही, ताडाच्या रसात मिळते. म्हणून इंग्रजी पुस्तकातली सायडरची औषधं ताडीला किंवा चिकूच्या रसाला जशीच्या तशी लावता येत नाहीत. चिकूतही आम्ल फारच कमी. बोर्डीत परवान्यानं चिकूची वाइन होते, पण घरी फळांचं मद्य करायचं म्हटलं तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 आडवा येतो. ताडीची छेदणी आणि विक्रीही परवान्यावरच चालते.

उरलेली ताडी वाया जात नाही. रुंद तोंडाच्या बरणीत, फडकं बांधून, हवेत ठेवली की अल्कोहोलचं शिरक्यात रूपांतर होतं. वर पातळ साय धरते, ती हलवू नये. पांढरी सुरकुतलेली बुरशीसारखी परत आली तर ती रानटी यीस्टची, ती काढून टाकावी. केसाळ, हिरवी किंवा काळी दिसली तर बरणी रिकामी करावी. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतल्या लोणच्यांना असा शिरका चालतो, त्यामुळे तो वाया गेलेला माल मानू नये.

विकत घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे. झाडावरून उतरवलेली सकाळची ताडी प्या आणि तीही झाडाखालीच. बाटलीत नेलीत तर झाकण घट्ट लावू नका, आतला वायू बाटली फोडतो. आणि दुपार टळल्यावरही कोणी गोड, शांत, फेस नसलेली ताडी देऊ केली तर ती परत करा. आंबण्याच्या स्वभावानं ताडी तोवर अशी शांत राहत नाही. भेसळीच्या ताडीत सॅकरिननं गोडी आणि क्लोरल हायड्रेटनं गुंगी आणतात, आणि क्लोरल हायड्रेटनं माणसं दगावतात.